चवीपेक्षा चरबीचा मागोवा

नांदेड-लातूरकडे रानातल्या मटणाचा विषय निघाला की बोलणं चवीवर येतं. पण मागे वळून पाहिलं तर खरा सवाल चरबीचाच होता. ससा, तित्तर, हरीण यांचं मांस कोरडं. पळत्या जनावराच्या अंगाला चरबी धरत नाही. म्हणून काळा मसाला, भाजलेलं खोबरं आणि करडईचं तेल सढळ लागायचं, आणि गरिबाघरी तेलच मोजून असायचं. रानडुक्कर वेगळं. सुगीत ज्वारी-भुईमूग खाऊन त्याच्या कातडीखाली जाड थर चढतो. तो बारीक चिरून थोड्या पाण्यात मंद आचेवर ठेवला की आधी पाणी आटतं, मग चरबी सुटते, तळाशी तांबूस कुरकुरीत तुकडे उरतात. गाळलेली चरबी फोडणीला चाले, चामडं मऊ ठेवायला चाले, दुखऱ्या गुडघ्यालाही. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मांस वाळवून चान्या करण्याची रीत आली आहे. ती शिकारीची नव्हे. पण काही वाया न घालवण्याचं शहाणपण तेच.

१९७२ साली शिकारीला आळा घालणारा वन्यजीव संरक्षण कायदा संमत झाला, आणि त्याच वर्षी मराठवाडा दुष्काळात होरपळून मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, खात होता. कायद्याने गरिबाचं ताट हिरावलं, हा आक्षेप म्हणूनच उडवून लावता येत नाही. शिकारीवर जगणाऱ्या पारध्यांवरचा १८७१च्या कायद्याचा गुन्हेगारीचा शिक्का १९५२मध्ये पुसला, वीस वर्षांनी त्यांचा धंदाच गुन्हा ठरला. तरीही ही चव एकट्या कायद्याने गेली नाही. गायरानं नांगराखाली आली, दुकानात रिफाइंड तेलाची पिशवी आली, नाक्यावर ब्रॉयलर आला. चरबी कढवण्याचं कारणच उरलं नाही.

उरला तो औषधाचा समज, आणि तोच सर्वांत लटका. घोरपडीचं तेल सांध्यांत मुरतं म्हणतात. आराम पडतो तो चोळण्याने आणि उबेने, आणि त्याला तिळाचं तेलही पुरतं. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे बाटली विकत घेणाराही अडकतो. पिकांना रानडुकरांचा उपद्रव मात्र खरा आहे, विशेषतः उसाच्या फडांलगत. पण परवानगीने मारलेलं डुक्करही कायद्याने सरकारी मालमत्ता ठरतं. भुईमूग गेलेल्या शेतकऱ्याच्या हंडीत ते यायचं नाही.