घरच्या घरी बनवलेल्या जीपच्या बदल्यात बोलेरो मिळाली, पण जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवणं कायद्यात बसतं का?

डिसेंबर 2021 मध्ये सांगली जिल्ह्यातला एक व्हिडिओ देशभर फिरला. कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे हे गाव, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथे फॅब्रिकेशनचं काम करणारे दत्तात्रय लोहार आपल्या छोट्या जीपला चक्क किक मारून चालू करत होते. दुचाकीचं इंजिन, जुन्या गाड्यांचे सुटे भाग आणि स्वतःच्या हाताचं वेल्डिंग एवढ्यावर ही चारचाकी उभी राहिली होती. स्टेअरिंग डाव्या बाजूला होतं आणि खर्च आला होता साधारण 60 हजार रुपये. पोराची गाडीची हौस पुरवायची म्हणून बापाने हा उद्योग केला होता.

व्हिडिओ आनंद महिंद्रांपर्यंत पोचला. त्यांनी कौतुक केलं आणि एक कटू गोष्टही सांगितली. ही गाडी नियमात बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवलं जाणार, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून त्यांनी लोहार यांना जीपच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. ही जीप चेन्नईजवळच्या महिंद्रा रिसर्च व्हॅलीत ठेवता येईल, असंही त्यांनी सुचवलं. जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाने बोलेरो घरी आणली.

सोशल मीडियावर ही गोष्ट 'जुगाडाचं बक्षीस' म्हणून गाजली. पण व्हिडिओ बघून अनेकांच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळला. दारात उभी असलेली जुनी ओम्नी किंवा धूळ खात पडलेली मॅटाडोर. तिचं इंजिन गेलंय, बॉडी मात्र ठणठणीत आहे. मग दुसऱ्या गाडीचं इंजिन आणून बसवलं तर? लोहार यांनी अख्खी गाडी बनवली, इथे तर फक्त इंजिन बदलायचंय.

हे तांत्रिकदृष्ट्या जमतं का आणि जमलं तरी चालतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

सातारा-सांगलीत हे वेड आलं कुठून?

या भागाला इंजिन नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानात कारखाना उभा केला. आज तीच किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे. लोखंडी नांगर आणि पुढे पंप या मातीतून बाहेर पडले. तिकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना होता. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. त्यांच्या कारखान्याचं नाव नांगरांबरोबर डिझेल इंजिनांशीही जोडलं गेलं.

नदीकाठी डिझेल इंजिनावर पाणी उचलणारी शेती वाढली आणि तिच्याबरोबर गावोगाव ती इंजिनं खोलणारे मिस्त्री तयार झाले. पुढे वडापच्या जीपगाड्या आल्या. पेट्रोल परवडेना तेव्हा देशभर अनेक मालकांनी जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिनं बसवून घेतली. खुद्द महिंद्रा कंपनीनेही 1979 मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी 4.90 या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. थोडक्यात, 'इंजिन बदलू, गाडी तीच ठेवू' हा विचार जुना आहे आणि गरजेतून आलेला आहे.

इंजिन बदलणं म्हणजे नक्की काय काय बदलणं?

उदाहरण म्हणून सगळ्यांच्या ओळखीची गाडी घेऊ. मारुती व्हॅन 1984 मध्ये आली आणि पुढे 'ओम्नी' नावाने चालत राहिली. 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तीन सिलिंडरचं 796 सीसीचं इंजिन आणि ताकद साधारण 35 अश्वशक्ती. हे इंजिन बॉनेटखाली नसतं, ते पुढच्या सीटांखाली असतं. तिथून निघालेला शाफ्ट मागची चाकं फिरवतो.

आता कुणी म्हणेल, मारुती 800 चं इंजिनही 796 सीसीचंच, मग ते उचलून इकडे ठेवलं की झालं. अडचण अशी की 800 मध्ये इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. ओम्नीत ते उभं बसतं आणि मागची चाकं फिरवतं. इंजिनाचं घराणं एक असलं तरी फाउंडेशन, गिअरबॉक्स आणि बाकीची जोडणी वेगळी.

समजा ईकोचं 1196 सीसीचं इंजिन बसवायचं ठरवलं. ते 73 अश्वशक्तीच्या आसपास ताकद देतं, म्हणजे मूळ इंजिनाच्या दुप्पट. मग कामांची यादी अशी वाढत जाते :

फाउंडेशन : इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते चेसिसवर नव्या जागी वेल्ड करावे लागतात. वेल्डिंग कच्चं राहिलं तर थरथर वाढते आणि एक दिवस तडा जातो.

गिअरबॉक्स आणि क्लच : इंजिन आणि गिअरबॉक्सची भोकं जुळायला हवीत. जुळत नसतील तर मध्ये लेथवर प्लेट बनवून घालतात. त्या प्लेटमध्ये थोडा जरी फरक पडला तरी क्लचप्लेट आणि बेअरिंग खराब होत राहतात.

शाफ्ट आणि डिफरन्शियल : हे भाग 35 अश्वशक्तीच्या हिशोबाने बनलेले असतात. दुप्पट जोर आला की सगळ्यात कमजोर कडी आधी तुटते.

कूलिंग : मोठं इंजिन जास्त तापतं. जुना रेडिएटर त्याला पुरत नाही. ओम्नीत तर इंजिन सीटखालीच असतं, त्यामुळे वाढलेली उष्णता थेट ड्रायव्हरच्या बुडाखाली.

वायरिंग : कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं इंजिन दोन-चार वायरींवर चालायचं. एमपीएफआय इंजिनाला ईसीयू, सेन्सर, इंधनाचा वेगळा पंप आणि सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असं अख्खं बिऱ्हाड लागतं. यातला एक सेन्सर जरी राहिला तरी गाडी झटके खाते आणि पीयूसीला नापास होते.

दुचाकीचं इंजिन चारचाकीत घालायचं तर आणखी एक गंमत आहे. दुचाकीला रिव्हर्स गिअर नसतो, तो वेगळा जुळवावा लागतो.

ताकद वाढली, पण थांबणार कशी?

घरगुती प्रयोगात सगळं लक्ष गाडी पळवण्याकडे असतं. खरा धोका ब्रेकमध्ये असतो.

गाडीचा वेग दीडपट झाला की तिच्यातली ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. म्हणजे ताशी 40 किलोमीटरवर थांबणाऱ्या गाडीला 60 वर थांबवताना ब्रेकला सव्वादोनपट काम करावं लागतं. वेग दुप्पट झाला तर चौपट. ही ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. वाईहून पाचगणीला पसरणी घाट चढताना मोठं इंजिन सुखावह वाटेल. पण परत उतरताना तेच जुने, छोटे ब्रेक तापून हात टेकू शकतात.

त्यात डिझेल इंजिन असेल तर वजनही वाढतं. पुढचा भार वाढला की स्प्रिंग, टायर, स्टेअरिंग सगळ्यांचा हिशोब बदलतो. कंपनी नवीन मॉडेल काढताना हे सगळं एकत्र तपासते. गॅरेजमध्ये ते तपासायची सोय नसते. मिस्त्रीच्या हातात कितीही कसब असलं तरी वळणावर गाडी उलटेल की नाही हे अंदाजाने सांगता येत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 इथे महत्त्वाचं आहे. कंपनीने गाडी जशी बनवली आणि आरसी बुकात जशी नोंदवली, त्यापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. आरसीवर चेसिस नंबर, इंजिन नंबर, सीसी आणि इंधन हे सगळं लिहिलेलं असतं. ओम्नीत ईकोचं इंजिन बसवलं की इंजिन नंबर आणि सीसी दोन्ही बदलतात. डिझेल बसवलं तर इंधनही बदलतं.

9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. कंपनीने प्रमाणित केलेल्या मूळ रचनेत मालकाला परस्पर बदल करता येणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम 182 अ आलं. बेकायदा बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

लोहार यांच्या जीपची अडचण याहून मोठी होती. नवी गाडी नोंदवायची तर तिचा नमुना आधी पुण्याच्या एआरएआय किंवा नगरच्या व्हीआरडीईसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत तपासून घ्यावा लागतो. एका घरातल्या एका गाडीसाठी ते परवडणारं नसतं. त्यामुळे जीप कितीही छान चालली तरी तिला एमएच 10 चा नंबर मिळणं अवघड होतं.

मग कायदेशीर वाट आहे का?

आहे, पण अरुंद आहे.

पहिली वाट म्हणजे त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन. इंजिन पूर्ण बाद झालं असेल तर आरटीओच्या मंजुरीने तसंच दुसरं बसवता येतं. मंजुरी न घेता बदललं गेलं असेल तर 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी, असंही कलम 52 मध्ये आहे. पण ही मुदत म्हणजे वाट्टेल ते इंजिन बसवायची मोकळीक नव्हे. इंजिनाचं बिल आणि ते कुठल्या गाडीतून निघालं याचा कागद जपून ठेवायचा. जुन्या बाजारातून बिनबिलाचं इंजिन उचललं आणि ते चोरीच्या गाडीचं निघालं, तर प्रकरण आरटीओतून पोलीस ठाण्यात जातं.

दुसरी वाट म्हणजे इंधन बदलणं. मान्यताप्राप्त सीएनजी, एलपीजी किंवा इलेक्ट्रिक किट अधिकृत केंद्रात बसवून आरसीवर नोंद करता येते. सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते, ती विसरायची नाही.

तिसरी वाट सगळ्यात साधी आहे. आहे तेच इंजिन खोलून बोअरिंग, पिस्टन, रिंगा बदलून घ्यायच्या. इंजिन नंबर तोच राहतो आणि परवानगीचा प्रश्नच येत नाही.

'गावातच तर फिरवायचीये', मग काय बिघडतं?

बहुतेक जण इथेच फसतात. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं. त्या वेळी साताऱ्याचं एमएच 11, कराडचं एमएच 50 किंवा सांगलीचं एमएच 10 कार्यालय गाडी तपासतं. इंजिन नंबर जुळला नाही तर पासिंग तिथेच अडकतं.

दुसरा फटका विम्याचा. खासगी गाडीचा थर्ड पार्टी विमा सीसीवर ठरतो. एक हजार सीसीपर्यंत एक गट, त्यापुढे दीड हजारपर्यंत दुसरा. कागदावर 796 आणि गाडीत 1196 असेल, तर हप्ता चुकीच्या गटात भरला गेला असा अर्थ होतो. अपघात झाला की विमा कंपनीला हरकत घ्यायला जागा मिळते. समोरच्या जखमी माणसाची भरपाई मालकाच्या खिशातून जाऊ शकते. तीस-चाळीस हजार वाचवायला गेलेल्या घरावर काही लाखांचा बोजा येतो.

म्हणूनच जुनी व्हॅन विकत घेतानाही एक काम न चुकता करायचं. मिस्त्रीला घेऊन जायचं, टॉर्च लावून इंजिनावर कोरलेला नंबर वाचायचा आणि आरसीवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर ताडून बघायचा. नंबर घासलेला दिसला किंवा जुळला नाही, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी व्यवहार करायचा नाही. आधीच्या मालकाने केलेला बदल नव्या मालकाच्या गळ्यात पडतो.

राहिला प्रश्न लोहार यांच्या जीपचा. त्या गाडीबद्दल शंका कुणालाच नव्हती, ती चालत होती. सुरुवातीला ती द्यायला घरच्यांचं मन होईना, अशाही बातम्या तेव्हा आल्या होत्या. स्वतःच्या हाताने घडवलेली वस्तू अशी सहज सुटत नाही. पण नंबरप्लेट, विमा आणि पासिंग नसलेल्या गाडीत पोराला बसवून हमरस्त्यावर जाता येत नाही. कागदपत्रं असलेल्या बोलेरोत मात्र ते बिनधास्त जाऊ शकतं.