शेळ्यांच्या डॉक्टरीणबाई

महाबळेश्वर आणि म्हसवड एकाच सातारा जिल्ह्यातले. तिकडे पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, इकडे जेमतेम पाचशेवर वर्ष काढायचं. माण, आटपाडी, जत या पट्ट्यात म्हैस पोसणं सगळ्यांना झेपत नाही, पण दोन-चार शेळ्या बहुतेक दारांत असतात. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, शेवरीच्या डहाळ्या यांवर त्या निभावून नेतात. घरच्या चहाला दूध होतं आणि अडीनडीला करडू विकून दवाखाना किंवा शाळेची फी भागते. हा व्यवहार बहुधा घरची बाईच सांभाळते.

कोंबड्याही असतातच. खुडुक कोंबडीखाली अंडी ठेवली की एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. मुंगसापासून जपायला रात्री डालगं झाकावं आणि मानमोडीची लस चुकवू नये.  

खरी गोष्ट शेळीची, आणि तिची अडचण बोकडाची. दोन शेळ्यांसाठी बोकड कोण पाळणार? त्याचा उग्र वास घरभर पसरतो आणि खाणंही भरपूर लागतं. शिवाय झपाट्याने वाढणारा, अंगाने भरलेला बोकड जत्रेला नाहीतर बकरी ईदला चांगल्या किमतीला जातो. मागे उरतो तो किरकोळ, आणि गावच्या शेळ्या त्याच्याकडूनच फळतात. पिढ्यान् पिढ्या असं चाललं की करडं खुरटणारच.

यावर तोड निघाली फलटणला. बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९३मध्ये गोठवलेले भ्रूण आणून बोअर शेळी भारतात रुजवली. पुढे उस्मानाबादी आणि बोअर बोकडांच्या रेताच्या गोठवलेल्या कांड्याही तिथे तयार होऊ लागल्या. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने गावोगावच्या बायकांना कृत्रिम रेतनाचं शिक्षण मिळवून दिलं. चेतना सिन्हांनी १९९७ साली जिथे महिलांची सहकारी बँक उभी केली, तेच हे म्हसवड.

काम नाजूक आहे. माजावर आलेली शेळी सारखी शेपूट हलवते, ओरडते, चारा टाकते. माज दीड दिवसाच्या आत ओसरतो, म्हणून निरोप वेळेवर पोचायला हवा. डॉक्टरीणबाई उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनच्या कॅनमधून चिमट्याने कांडी काढतात आणि ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरतात. घरातलं कुणीतरी शेळीचे मागचे पाय उचलून धरतं. बॅटरीच्या उजेडात गर्भाशयाचं तोंड शोधून रेत सोडायचं, की काम झालं. शेळी गाभण राहिली तर पाच महिन्यांनी विते. उलटली तर एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येते. जनावरांचा डॉक्टर म्हणजे पुरुषच, असं समजणाऱ्या गावात ही बाई पिशवी घेऊन दारोदार फिरते, हा बदल छोटा नव्हे.

मेंढीच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही. तिच्या गर्भाशयाचं तोंड इतकं वळणावळणाचं असतं, की गोठवलेलं रेत आत पोचवणं फार अवघड. दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते. म्हणून फलटणच्या संशोधकांनी सुंदरबनातली चिमुकली गरोळ मेंढी आणली. ती सर्रास जुळी देते. गरोळचं मूळ कौतुक ऑस्ट्रेलियात झालं होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून मेंढ्या तिकडे गेल्या आणि त्यांच्यापासून आलेला जुळ्यांचा गुण तिथल्या बुरुला मेरिनो मेंढ्यांत उतरला असावा, असा संशोधकांचा कयास होता. दोन्हींतलं जनुक एकच असल्याचं २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. त्या जनुकाची दख्खनीशी सांगड घालून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार झाली.

जुळी कोकरं जन्मतः हलकी असतात. त्यांना वेळेवर चीक पाजावा लागतो, उबेत ठेवावं लागतं. कळप घेऊन मैलोन्‌मैल चालणाऱ्या धनगराला हे जड जातं; घराच्या पडवीत चार मेंढ्या बांधणाऱ्या कुटुंबाला मात्र सहज जमतं. सुधारित जातींची गोडी आधी अशाच घरांना लावायला हवी. आणि शेळ्यांच्या रेतनासाठी म्हसवड-जतसारख्या गावांत नायट्रोजनचे कॅन वेळच्या वेळी भरून मिळाले पाहिजेत. पातळी खाली गेली की आतल्या कांड्या निकामी होतात आणि डॉक्टरीणबाईंचं कौशल्य तिथेच अडतं.