अण्णा नाईकांचा वाडा आणि शिरोड्याचा समुद्र

‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका आमच्या घरात सगळे एकत्र बसून बघायचे. आजीसकट! झी मराठीवर 2016 मध्ये पहिला भाग आला, 2019 मध्ये दुसरा आणि 2021 मध्ये तिसरा. गंमत म्हणजे पहिल्या भागाची सुरुवातच कुटुंबप्रमुख अण्णा नाईकांच्या मृत्यूने होते आणि दुसरा भाग मागे जाऊन त्यांचा जिवंतपणीचा काळ दाखवतो. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता तिथेच घराघरांत पोचली. मला मात्र सगळ्यात मोलाची वाटते ती मालिकेतली मालवणी बोली. रोज रात्री, मुख्य वाहिनीवर, हेल न पुसता!

मालिकेतला वाडा सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला. तिथून वेंगुर्ला, शिरोडा हे किनारे गाडीने सहज गाठता येतात. मुलं बरोबर असतील तर मी शिरोड्याचं वेळागर सुचवेन: लांबलचक वाळू, मागे सुरूचं बन, गर्दी बेताची. याच शिरोड्यात 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला आणि वि. स. खांडेकर इथल्याच शाळेत शिकवत होते, हे मुलांना जरूर सांगा.

हातात आणखी एक दिवस असेल तर मालवण. होडीने सिंधुदुर्ग किल्ला बघा. पावसाळ्यात ही होडी बंद असते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

जाण्याआधी मालिकेचे चार-पाच एपिसोड घरच्यांबरोबर पुन्हा बघा. मग बाजारात कानावर पडणारी मालवणी मुलांना लगेच ओळखीची वाटते.