खासगी खिडकी कोणापासून लपवते?

रहिवासी दाखल्याचा अर्ज, महाविद्यालयीन प्रवेशाचा फॉर्म, ई-आधारची प्रत अशी कामे आजही अनेक जण गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत जाऊन करतात. त्यांपैकी जाणते लोक ब्राउझरमध्ये ‘इन्कॉग्निटो’ खिडकी उघडतात. पडदा काळा होतो, टोपी-चष्म्याचे चिन्ह दिसते आणि आता आपला माग राहणार नाही, अशी खात्री वाटू लागते. ही खात्री अर्धीच खरी आहे.

अशी सोय २००५ मध्ये ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये आली. २००८ मध्ये गुगलने क्रोम आणले तेव्हा ती त्यात पहिल्यापासून होती. पुढच्याच वर्षी फायरफॉक्स आणि इंटरनेट एक्स्प्लोररनेही ती दिली. तिचे काम मर्यादित आहे. खासगी खिडकीत पाहिलेल्या पानांची यादी, फॉर्ममध्ये भरलेला मजकूर आणि संकेतस्थळांनी ठेवलेल्या ‘कुकीज’ ब्राउझर तात्पुरत्या सांभाळतो आणि खिडकी बंद होताच टाकून देतो. त्याच संगणकावर आपल्यानंतर बसणाऱ्या व्यक्तीला त्या दिसू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू. मात्र एकाच वेळी अनेक खासगी खिडक्या उघड्या असतील, तर शेवटची बंद होईपर्यंत त्या सगळ्यांचे लॉगइन सामाईक राहते. एक खिडकी बंद केली आणि दुसरी मागे दडून राहिली, तर ईमेल उघडाच राहिला म्हणायचा.

उतरवून घेतलेल्या फायलींना मात्र ब्राउझर हात लावत नाही. खिडकी बंद केल्यावरही त्या ‘डाउनलोड्स’च्या फोल्डरमध्ये तशाच राहतात, आणि दुकानातल्या संगणकावर खरा धोका इथेच आहे. ई-आधारच्या फायलीला पासवर्ड असतो, असे कुणी म्हणेल. पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. ओळखीच्या माणसाला ते शोधायला कितीसा वेळ लागणार? म्हणून छपाई झाल्यावर ती फाइल निवडून शिफ्टची कळ दाबून डिलीट करावी. नुसते डिलीट केल्यास ती रिसायकल बिनमध्ये जाऊन पडते. जिथे चालत असेल तिथे आधार क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दाखवणारी ‘मास्क्ड’ प्रत वापरणे अधिक शहाणपणाचे. प्रिंट काढण्यासाठी आपण दुकानदाराच्या व्हॉट्सॲप क्रमांकावर कागदपत्रे पाठवतो, त्यांचा तर खासगी खिडकीशी काहीच संबंध नसतो. नंतर आपण संदेश पुसला, तरी त्याच्या संगणकावर उतरलेली प्रत राहू शकते. ती समोर उभे राहून पुसून घ्यावी. तिथे साध्या खिडकीत स्वतःचे व्हॉट्सॲप उघडले असेल, तर आपल्या मोबाइलमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन ते तोडता येते. हे घरी पोहोचल्यावर आठवले तरी चालते.

संगणकाबाहेरच्या जगापासून खासगी खिडकी जवळजवळ काहीच लपवत नाही. कार्यालयाचे किंवा महाविद्यालयाचे जाळे सांभाळणाऱ्याला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो, हे सहसा कळू शकते. सुरक्षित जोडणी असेल तर तिथल्या कोणत्या पानावर काय वाचले, हे मात्र दिसत नाही. संकेतस्थळालाही आपला आयपी पत्ता कळतो. शिवाय खासगी खिडकीतच गुगल खात्यात लॉगइन केले, तर तिथले शोध त्या खात्याच्या नोंदीत जमा होऊ शकतात. ब्राउझरमधील इतिहास पुसल्याने ते जात नाहीत. ‘माय ॲक्टिव्हिटी’ उघडून वेगळे पुसावे लागतात.

या गैरसमजावरून अमेरिकेत मोठा खटला झाला. इन्कॉग्निटोमध्येही गुगल माहिती गोळा करते, असा आरोप करून २०२० मध्ये कॅलिफोर्नियात काही वापरकर्त्यांनी दावा दाखल केला. २०२४ मध्ये तडजोडीच्या अटी जाहीर झाल्या: गुगलने अब्जावधी नोंदी नष्ट करायच्या आणि इन्कॉग्निटोच्या पहिल्या पानावरील सूचना अधिक स्पष्ट करायची. ती सूचना वाचण्याची तसदी किती जण घेतात, हा भाग निराळा.

ब्राउझरला जोडलेली एक्स्टेन्शन्स ही आणखी एक फट. खासगी खिडकीचे संरक्षण त्यांच्यामुळे निकामी होऊ शकते, हे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डॅन बोने व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्येच दाखवून दिले होते. आता क्रोम ती खासगी खिडकीत आपणहून बंद ठेवतो. आपण मुद्दाम परवानगी दिली असेल, तर ती तपासून पाहावी. भेट दिलेल्या संकेतस्थळांची नावे संगणकाची कार्यप्रणालीही काही काळ लक्षात ठेवते. संगणक रीस्टार्ट केल्यावर ती स्मृती सहसा रिकामी होते.

घरातल्या सामाईक मोबाइलचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे. एखादी स्त्री घरात होणाऱ्या छळाबद्दल माहिती शोधत असेल, तर इतिहास सापडणे तिच्यासाठी जिवावरचे ठरू शकते. अशा वेळी साध्या खिडकीत शोधून नंतर सगळा इतिहास पुसणे धोक्याचे, कारण एकाएकी रिकामी झालेली यादीच संशय जागा करते. खासगी खिडकी वापरून ती लगेच बंद करणे बरे. साध्या खिडकीत शोधले गेलेच, तर तेवढीच नोंद वेगळी पुसता येते. महिलांसाठीच्या १८१ या हेल्पलाइनला केलेला फोन कॉलच्या यादीत दिसतो, ती नोंदही काढावी लागते. आणि कुणी फोनमध्ये नजर ठेवणारे ॲप टाकले असल्याची शंका असेल, तर खासगी खिडकीच्या भरवशावर राहू नये. तो फोन बाजूला ठेवून शेजारणीच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवरून संपर्क साधावा.