काडीकडे बघा, बैलाकडे नको

चिखलीत खामगाव-जालना रस्ता सोडून आतल्या गल्लीत शिरलेला नंदीबैलवाला दिसण्याआधी ऐकू येतो. त्याचं गुबुगुबू घुमत असतं. या वाद्याच्या एका तोंडावर काठी पडते, दुसऱ्या तोंडाच्या चामड्यावर वाकडी काडी घासली जाते, आणि घुमारा या घासण्यातून येतो. पोरं बैलाकडे बघतात: झूल, शिंगांचे गोंडे, कवड्यांच्या माळा. मी यंदा काडी आणि कासरा यांवरच नजर ठेवली.

"औंदा पाऊस पडंल का, महादेवा?" असं विचारेपर्यंत काडी गप्प. प्रश्न संपला की ती चामड्यावर फिरते, कासऱ्याला नकळत ओढ बसते आणि मान खाली-वर होते. "या घरची मालकीण कंजूष हाय का?" याला मान आडवी हलते, आणि मालकीण हसत सूप आणायला आत जाते. कोणत्या दारात काय विचारायचं, याची पारख मालकाची. बैलाच्या वाट्याला फक्त होकार-नकार.

अवघड भाग पुढेच. मालक रस्त्यावर उताणा पडतो आणि बैल पुढचा खूर त्याच्या पोटावर ठेवतो. नुसता टेकवतो, भार देत नाही. एवढ्या वजनाच्या जनावराकडून हे करून घ्यायचं तर खोंड असल्यापासून त्याला हाताखाली घ्यावं लागतं. चाबूक कामाचा नाही. बिथरलेला बैल पोटावर कोण घेईल?

दारातल्या बाईशी मराठीत बोलणारा हा माणूस घरच्यांशी तेलुगूत बोलतो. तिरमल नंदीवाले मूळचे आंध्राकडचे. तिकडे हाच खेळ गंगिरेद्दू म्हणून संक्रांतीला दारोदार फिरतो. साथीला सन्नाई आणि डोलू. इकडे गुबुगुबूवरच भागतं. मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी या भटक्यांचा बारकाईने अभ्यास केला. पुणे जिल्ह्यात इंदापूरजवळच्या वडापुरीला दर 3 वर्षांनी त्यांचा मेळा भरे, तिथेच जातपंचायत बसे. कुत्री घेऊन शिकार करण्यातही ही मंडळी तरबेज होती. नुसत्या खेळावर पोट तेव्हाही भरत नव्हतं, हे त्यातून कळतं.

सरकारदरबारी नंदीवाले भटक्या जमातींच्या यादीत आहेत. मात्र 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियमाने गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करणं अशा निमित्ताने सार्वजनिक जागी दान मागणंही भीक ठरवलं आहे. बैल शिकवण्यात घातलेली वर्षं या व्याख्येत कुठेच बसत नाहीत. ती व्याख्या बदलायला हवी.