जीपगाडीचा इंजिनपालट

डोंगराळ मुलखांत अथवा चिखलाच्या वाटेनें जावयाचें तर चारहि चाकांस गति देणाऱ्या जीपसारखें दुसरें वाहन नाहीं, असें मानणारा मोठा वर्ग आपल्याकडे आहे. त्याची तक्रार एकच: जुनी जीप पेट्रोल फार पिते. यावरील प्रसिद्ध तोडगा म्हणजे पेट्रोलचें इंजिन उतरवून त्या जागीं डिझेलचें बसविणें. डिझेल पुष्कळ स्वस्त होतें तेव्हां हें काम निकडीपोटीं होई. आतां भावांतील अंतर बरेंच घटलें असतांहि हौशी तरुण मंडळींत तें चालूच आहे. असा बेत घरांत निघाल्यास तो कसा पारखावा, याचा थोडा विचार करूं.

या पालटास इतिहासहि आहे. दुसऱ्या महायुद्धांतील विलिस जीप १९४१ सालीं तयार होऊं लागली. तिचें चार सिलिंडरांचें, सुमारें २.२ लिटरचें पेट्रोल इंजिन ६० अश्वशक्तीचें होतें. स्वातंत्र्यानंतर थोडक्याच काळांत महिंद्रा कंपनीनें मुंबईंत विलिस गाड्यांची जुळणी आरंभिली, आणि पुढें फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यानें सुमारें २.१ लिटरचें डिझेल इंजिन आपल्या जीपगाड्यांत बसविलें. म्हणजे जो पालट गल्लींतील कारागीर करीत, तोच कारखान्यानेंहि केला. भेद इतकाच, कीं कारखान्यानें इंजिनाबरोबर गाडीचा बाकीचा संसारहि जुळवून घेतला.

संस्कृत व्याकरणांत ‘आदेश’ नांवाची एक संज्ञा आहे. एका रूपाच्या जागीं दुसरें येतें तेव्हां मूळ रूपास ‘स्थानी’ व नव्यास ‘आदेश’ म्हणतात. स्थानीचे अधिकार आदेशास मिळतात, हा पाणिनीचा सामान्य नियम. परंतु जें कार्य मूळच्या वर्णांवरच अवलंबून असतें, तेथें तो अधिकार चालत नाहीं, असा अपवादहि त्यानेंच घातला आहे. इंजिनपालटाची सारी मेख या अपवादांत आहे. चाकें फिरविण्याचा अधिकार नव्या इंजिनास मिळतो. पण जीं कामें पेट्रोल इंजिनाच्या अंगच्या स्वभावावर उभीं होतीं, तीं त्याच्याकडून आपोआप होत नाहींत.

हा स्वभावभेद असा. पेट्रोल इंजिनांत इंधन व हवा यांचें मिश्रण ठिणगीनें पेटतें. डिझेल इंजिनांत ठिणगी नाहीं. नुसती हवा इतकी दाबली जाते कीं ती स्वतःच तापते, व तींत फवारलेलें इंधन पेट घेतें. सायकलचा पंप जोरानें मारतांना तळाशीं तापतो, त्याचेंच हें उग्र रूप. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें हें तत्त्व यशस्वी करून दाखविलें. विलिसच्या इंजिनांत मिश्रण सुमारें साडेसहापट दाबलें जाई; जुन्या धाटणीच्या मोटारींतील डिझेल इंजिनांत हवा वीसपट किंवा त्याहूनहि अधिक दाबली जाते.

एवढा दाब सोसणारें इंजिन साहजिकच जड असतें आणि अधिक हादरतें. म्हणून पुढील स्प्रिंगा, इंजिनाचे रबरी आधार आणि ते ज्या चौकटीवर बसतात ती चौकट, हीं सारीं तपासून घ्यावीं लागतात. युद्धकालीन जीपची वीज ६ व्होल्टची. डिझेल इंजिन सुरू करण्यास १२ व्होल्टची मोठी बॅटरी लागते.

दुसरी गोष्ट वेगाची. ट्रॅक्टरचें इंजिन मिनिटास सुमारें २००० फेऱ्यांवर काम करण्यासाठीं घडविलेलें असतें. विलिसचें ४००० पर्यंत जाई. विलिसच्या धुरींतील दंतचक्रांचें प्रमाण ४.८८ ला १ आहे. चाकाचा परीघ सव्वादोन मीटर धरल्यास, २००० फेऱ्यांना चाक मिनिटास ४१० वेळां फिरेल आणि वरच्या गिअरमध्येंहि गाडी तासाला सुमारें ५५ किलोमीटरच जाईल. शेतावर तेवढें पुरे. हमरस्त्यावर जावयाचें तर इंजिन मर्यादेपलीकडे पळविण्यापेक्षां हें प्रमाणच बदलणें शहाणपणाचें.

तिसरी व चौथी गोष्ट थेट जिवाशीं निगडित आहेत. पेट्रोल इंजिनाची किल्ली फिरविली कीं ठिणगी थांबते व इंजिन बंद पडतें. डिझेलला ठिणगीच नसल्यामुळें त्याचें इंधनच तोडावें लागतें. तशी व्यवस्था न केल्यास किल्ली काढून हातांत घेतली तरी इंजिन चालूच राहील. तसेंच पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या वाटेवर झडप असते. चालकानें पाय उचलतां ती मिटते व आंत पोकळी उत्पन्न होते. अनेक गाड्यांचे ब्रेक पायाच्या जोरास या पोकळीची जोड घेतात. डिझेल इंजिनांत अशी झडप सामान्यतः नसते. मूळ विलिसच्या ब्रेकांस ही जोड नव्हती, म्हणून तिचें अडत नाहीं. परंतु ज्या गाडींत ती आहे, तींत स्वतंत्र व्हॅक्युम पंप न बसविल्यास ब्रेकचें पेडल दगडासारखें कठीण लागतें. कसारा घाटाच्या उतारावर, मागें घरचीं मुलें बसलेलीं असतां, ही उणीव कळून काय उपयोग?

शेवटीं कायदा. मोटारवाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वयें, उत्पादकानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत ठरेल असा बदल गाडींत करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि हेंच स्पष्ट केलें. इंधन बदलण्यास वाट आहे, पण ती विहित अटींनीं व संमत संच बसवूनच. नोंदणीपत्रांत पेट्रोल व गाडींत डिझेल असा प्रकार असल्यास अपघाताच्या वेळीं विम्याचाहि भरंवसा धरतां येत नाहीं.

म्हणून कारागिराला खर्च विचारण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे: भार कशावर पेलणार? वेगाचें प्रमाण कसें जुळविणार? इंजिन थांबणार कसें? आणि ब्रेकास जोड कोठून देणार? याच्या जोडीला नोंदणी कार्यालयाची संमति कामापूर्वींच हातीं असावी. हीं उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर तरुणांच्या हौसेस मोडता घालण्याचें कारण नाहीं. न मिळालीं, तर जुन्या इंजिनाचीच नीट दुरुस्ती करून घ्यावी. पेट्रोलचा खर्च थोडा अधिक येईल, तो सोसावा.