रवा, मैदा आणि टेफ्लॉन

६ एप्रिल १९३८. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात डीपवॉटर इथे ड्युपॉन्ट कंपनीच्या जॅक्सन प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हा २७ वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ आणि त्याचा सहायक जॅक रीबॉक एका सिलिंडरशी झटापट करत होते. त्यात टेट्राफ्लुओरोइथिलीन वायू भरलेला होता. शीतयंत्रांसाठी नवं रसायन शोधायच्या कामी तो हवा होता. तोटी उघडली, वायू आला नाही. पण वजन केलं तर सिलिंडर रिकामाही नव्हता. शेवटी करवतीनं कापला, तेव्हा आतून मेणचट पांढरी पूड निघाली. वायूच्या रेणूंनी बंद सिलिंडरात आपसांतच लांबलचक साखळ्या गुंफल्या होत्या.

१९४१ साली पेटंट मिळालं, १९४५ साली ‘टेफ्लॉन’ हे नाव नोंदलं गेलं. दरम्यान अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात युरेनियम हेक्झाफ्लुओराइड हा जहाल वायू ज्या पाइपांतून खेळवायचा, तिथे टिकणारं सील म्हणून हीच पूड कामी आली. तव्यावर ती चढली त्यानंतर, १९५०च्या दशकात, फ्रान्समध्ये. तव्यामुळे ती घरोघरी पोचली खरी. पण तिचा मोठा संसार कारखान्यांतच आहे. व्हॉल्व्हच्या सीट, गॅस्केट, बुश, रसायनांच्या टाक्यांची अस्तरं, विमानातल्या तारांची आवरणं.

या पुडीचं शास्त्रीय नाव पॉलिटेट्राफ्लुओरोइथिलीन, बोलीत पीटीएफई. तिची एक खोड आधी समजून घ्यावी लागते. इतर प्लास्टिक तापवलं की पातळ होतं आणि साच्यात शिरतं. पीटीएफई ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, पण वाहत नाही. साखळ्या इतक्या लांब, की वितळलेला तुकडा जेलीसारखा आपल्या आकारात उभाच राहतो. म्हणून इंजेक्शन मोल्डिंगची यंत्रं इथे निरुपयोगी. काम कुंभाराच्या वाटेनं करावं लागतं: पूड साच्यात दाबायची, कच्चा आकार बाहेर काढायचा, मग ३६० ते ३८० अंशांच्या भट्टीत सावकाश भाजायचा आणि तितक्याच सावकाश निववायचा. घाई केली की जाड गोळ्याला आतून तडे जातात.

वितळून दाणा एकजीव होण्याची सोय नाही, म्हणून पूड घेताना दाणा पाहावा लागतो. नुसतं ‘टेफ्लॉन पावडर’ मागणं म्हणजे वाण्याकडे जाऊन नुसतं ‘पीठ’ मागणं.

पहिली जात ग्रॅन्युलर, म्हणजे साच्यात दाबायची. तिच्यातही दोन पोटभेद. बारीक दळलेली पूड २० ते ५० मायक्रॉनची. तिचा स्वभाव मैद्याचा. ती दाबली की घट्ट बसते, माल निर्दोष आणि मजबूत होतो. पण ती सरकत नाही, गुठळ्या धरते, साच्यात हातानं सारखी पसरावी लागते. दुसरी मुद्दाम गोळी करून रव्यासारखी केलेली, काहीशे मायक्रॉनची. ती हॉपरमधून सळसळत खाली येते आणि स्वयंचलित प्रेसला तीच लागते. मात्र रवा दाबताना दाण्यांमधल्या फटी राहण्याचा धोका मैद्यापेक्षा अधिक. पातळ पत्रा सोलायचा असेल किंवा विजेचा दाब सोसणारा भाग हवा असेल तर मैदा. छोटे बुश हजारोंनी काढायचे असतील तर रवा.

दुसरी जात फाइन पावडर. नाव फसवं आहे, कारण हाताला ती ग्रॅन्युलरपेक्षा जाड लागते. सुमारे ०.२ मायक्रॉनचे कण एकत्र येऊन तिचा अर्धा मिलिमीटरचा दाणा झालेला असतो. ती वापरायची रीत चकल्या करणाऱ्याला वेगळी सांगायला नको. चकलीच्या पिठाला मोहन घालतो, तसं हिच्यात १५ ते २० टक्के नॅफ्थासारखं हलकं तेल मिसळायचं, मुरू द्यायचं, आणि सोऱ्यासारख्या यंत्रातून दाबून नळी किंवा तारेचं आवरण काढायचं. मग तेल उडवून भाजायचं. नळाच्या जोडाला गुंडाळायची पांढरी टेप हीच. फक्त ती भाजत नाहीत.

तिसरी मायक्रोपावडर. काही मायक्रॉनची, साखळ्या तोडून आखूड केलेली; शाई, रंग आणि ग्रीसमध्ये घसरण वाढवायला टाकतात. तिचा भाग दाबून बनत नाही. स्वस्त मिळाली म्हणून साच्याच्या पुडीत मिसळली, तर मालाची ताकद जाते. भाजलेल्या भंगाराची भुकटी मिसळली तरी तेच. पांढरा रंग शुद्धतेचा पुरावा नव्हे.

आता गोदाम. पीटीएफईच्या स्फटिकांची रचना १९ अंशांना बदलते आणि आकारमान सुमारे एक टक्क्यानं वाढतं. म्हणजे १०० मिलिमीटरची रिंग डिसेंबरच्या पुण्यात सकाळी मोजली आणि दुपारी मोजली, तर तीन दशांश मिलिमीटरचा फरक एवढ्यानंच पडतो. टर्नर आणि तपासनीस यांच्या भांडणाचं मूळ पुष्कळदा इथे असतं. मोजमाप दोघांनी २३ अंशांनाच करावं.

फाइन पावडरचं दुखणं याहून मोठं. १९ अंशांच्या वर तिचे कण मऊ होतात आणि जरा घासले, हादरले की कणकेसारखे तंतू सुटतात. एकदा तंतू सुटले, की गुठळी मोडत नाही आणि नळीवर गाठ उमटते. म्हणून ती थंड खोलीत ठेवायची, थंडच वाहून न्यायची. पिंप गडगडवायचं नाही, पूड फावड्यानं ओढायची नाही, चाळण हलक्या हातानं. विदर्भातल्या मे महिन्यात उभ्या ट्रकमध्ये काय होत असेल, याचा विचार खरेदी करतानाच करायला हवा.

ग्रॅन्युलर पुडीचा उलटा हट्ट. ती १९ अंशांखाली दाबली तर तडकते, म्हणून प्रेसची खोली २१ ते २५ अंशांत हवी. थंड पिंप पावसाळ्यात लगेच उघडलं, तर हवेतलं बाष्प पुडीवर दव धरतं. ते बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं. शिवाय पीटीएफईवर स्थिर विद्युत सहज साठते आणि धूळ ओढली जाते. भट्टीतून निघालेल्या पांढऱ्या तुकड्यावरचा काळा ठिपका हा बहुधा झाकण उघडं टाकल्याचा दाखला.

पूड स्वतः निरुपद्रवी; तिचा धूर नव्हे. बोटांना लागलेली पूड विडी-सिगारेटवर गेली, की जळत्या टोकाशी तिचं विघटन होतं. काही तासांनी थंडी, ताप, छातीत दाटल्यासारखं. ‘पॉलिमर फ्यूम फीवर’ म्हणून हा ताप १९५१पासून वैद्यकीय साहित्यात आहे. म्हणून तंबाखू कारखान्याच्या बाहेर, आणि भट्टीचा धूर छताबाहेर.

या पुडीचं आणखी एक बिल कारखान्याबाहेर फुटलं. फाइन पावडर बनवताना पाण्यात साबणासारखं काम करायला पीएफओए हे रसायन वापरत. ते निसर्गात विघटित होत नाही. अमेरिकेत पार्कर्सबर्गजवळच्या कारखान्यातून ते पिण्याच्या पाण्यात उतरलं. २०१७ साली हजारो दावे ६७ कोटी डॉलरवर मिटले. २०१९ साली स्टॉकहोम करारानं त्याला बंदीच्या यादीत घातलं. इटलीतल्या त्रिस्सिनो गावी पीएफओए बनवणारा कारखाना २०१८ साली दिवाळखोरीत गेला आणि त्याची यंत्रसामग्री पुढे आपल्या कोकणात, लोटे परशुरामला आली. यंत्र आलं म्हणजे तेच रसायन बनतं असं नव्हे. पण वाशिष्ठीच्या खाडीकाठच्या माणसानं प्रश्न विचारणं रास्त आहे.

भारतात ही पूड प्रथम बनवली ती हैदराबादजवळ रुद्रारमच्या हिंदुस्थान फ्लुओरोकार्बन्सनं. रसायनीच्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सची ही उपकंपनी. २०२० साली केंद्रानं ती बंद करायचं ठरवलं. आज मोठं उत्पादन गुजरातेत दहेजला होतं. म्हणजे माल दूरचा राहिलेला नाही, चौकशी करणं सोपं आहे.

तेव्हा भोसरी, अंबड किंवा वाळूजच्या लहान कारखानदाराला एवढंच सांगणं. पुढच्या मागणीपत्रावर जात, दाण्याचं माप, लॉट क्रमांक आणि पीएफओएमुक्त असल्याचं लेखी पत्र, या चार गोष्टी मागा. आणि गोदामाच्या भिंतीवर एक थर्मामीटर टांगा. एका नासलेल्या पिंपाच्या किमतीत असे कितीतरी थर्मामीटर येतात.